काठावरची खुंटी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या दाजीबानपेठेत माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो. आधी राग आला. थोरल्या भावाच्या मरणाची बातमी ऐकून राग येणं बरं नव्हे, पण आला खरा. आदल्या शनिवारीच तो फोनवर खुशीत म्हणाला होता, "अक्काचा काठ टिकला बघ! ओढ्यानं शेवटी माझं ऐकलं..."

अण्णा धारवाडला भूगोल शिकवायचा. अक्का आमची मधली बहीण, नवलगुंदकडच्या खेड्यात एकटी राहते. तिच्या परसामागून ओढा जातो. वरच्या अंगाला कुणा शहाण्यांनी जेसीबी लावून त्याची वळणं काढली, सरळ चर केला. अण्णानं जाऊन हात जोडले, "अहो, वळणावर पाणी दमतं. ती काढलीत तर सगळा जोर खाली येईल." कोण ऐकतो! अक्काचं घर नेमकं खालच्या वळणावर, पाणी आदळतं त्या अंगाला. पुढच्याच पावसात तिच्या बाजूची काळी माती ढिगानं कोसळली आणि समोरच्या काठाला आयता वाळूचा पट्टा मिळाला. "एकाचं ओरबाडून दुसऱ्याच्या पानात वाढतो मेला," अण्णा म्हणायचा.

काठ किती सरकतो ते मोजायला त्यानं परसात लाल-पांढरी रंगवलेली खुंटी ठोकली. रस्त्यासाठी जमीन जाणार, अशा भीतीनं गावकऱ्यांनी ती उपटली. दुसरी ठोकली, तीही गेली. मग अण्णानं डोकं चालवलं आणि तिसऱ्या खुंटीला हळदकुंकू लावलं. झालं! तिला कुणी हात लावेना, पण अमावास्येला तिच्यापुढे नारळ फुटू लागले. अण्णा "आता हुबळीला चल" म्हणाला की अक्का म्हणे, "यल्लि होगली रे, कुठं जाऊ? देवी बसलीय की काठावर. तूच बसवलीस." भूगोलाचा मास्तर स्वतःच बसवलेल्या देवीपुढे हरला. मी चिडायचो, तो नुसता हसायचा.

गुडघे गेल्यावर त्याचं तिकडे जाणं थांबलं. मग दर शनिवारी अक्का खुंटीपासून काठापर्यंत दोरी धरून फोनवर माप सांगे. माप कधी बदलत नसे. अण्णा निवांत झाला...

तेराव्यानंतर मी अक्काला सोडायला गेलो. परसात पाहतो तर गोठा अर्धा ओढ्यात गेलेला आणि खुंटी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली.

"अक्का, तू अण्णाशी खोटं बोलत होतीस?"

"छे रे. देवीपुढं खोटं कसं बोलू? माती पडली की तिलाच मागं घेत होते. दोरी तेवढीच भरायची." मग हळूच म्हणाली, "खरं कळलं असतं तर तसल्या गुडघ्यांनी आला असता की मला न्यायला..."

मी डोकं धरून बसलो. ज्यानं जन्मभर पाण्याच्या चाली शिकवल्या, त्याला घरच्याच माणसानं फसवलं. मायेनं फसवलं, मान्य, पण मायेनं माती थांबत नाही. "चल" म्हणालो, तर मान हलवून चूल पेटवायला गेली. तणतणत परत आलो. त्या दोघांचाही मला अजून राग येतो, आणि राग आला की अण्णाची फार आठवण येते.

गेल्या शनिवारी, अण्णाला फोन जायचा त्याच वेळेला, माझा फोन वाजला.

"मोजलं रे," अक्का म्हणाली.

"किती?"

"दोरी अर्धीच भरली. देवीला हलवलं नाही या वेळी..." मग तिनंच विचारलं, "अण्णा असता तर काय म्हणाला असता?"

"चल म्हणाला असता."

"मग ये की गाडी घेऊन."