साडी खोचून चार फेऱ्या

चांद्याच्या भरतीत मला उमेदवारांचे डोळे, कान आणि दात एवढंच दिलं होतं. बाकीचं शरीर पुरुष डॉक्टरांकडे. कपडे उतरवताना पोरं लाजतील म्हणे. पोरं लाजली असती की नाही ठाऊक नाही, आमचे कर्नलसाहेब मात्र आधीच लाजून बसले होते. मी लष्करात डॉक्टर, हुद्दा कॅप्टनचा, आणि अख्ख्या मैदानावर बाई अशी मी एकटी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी पाच वर्षांची नोकरी संपत आली होती. पुढे कायम व्हायचं की घरी जायचं, हे कर्नलसाहेब माझ्याबद्दल जो अहवाल लिहितील त्यावर ठरणार होतं. घर बल्लारपूरला. वडील तिथे पेपर मिलमध्ये कामगार. लेक फौजेत साहेब आहे, हे त्यांनी पाळीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं. ‘लेक परत आली’ असं त्यांना कोणाला सांगायला लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून दोन दिवस मी मुकाट्याने दात मोजले. मुकाट बसणं माझ्या स्वभावात नाही, तरी बसले.

तिसऱ्या दिवशी धानोऱ्यापलीकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीवरची, सात पोरं आली. मैदानाला चार फेऱ्या, ठरलेल्या वेळेत. इतर उमेदवार सुटले की एकमेकांना कोपरं मारत धावायचे. हे सात जण एकामागे एक, रांगेत धावले. सगळ्यांत मोठा पुढे होता आणि तो सारखा मागे वळून बघत होता. शेवटचा लंगडत होता, म्हणून अख्खी रांगच हळू. सातही जण एकदमच पोचले, वेळ उलटून गेल्यावर. हातात घड्याळ धरलेले सुभेदार हसून म्हणाले, “बारात आ गयी.” आणि सातही नावांवर काट मारली.

मी दातांच्या टेबलावरून उठले. माझं आजोळ त्याच बाजूचं. मोहफुलं वेचायला आम्ही मामामागे जंगलात जायचो ते असंच. जाणता पुढे, त्याला ओलांडायचं नाही, आणि मागच्याला सोडायचं नाही. लहानपणी मी एकदा मामाच्या पुढे पळाले, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. ही पोरं धावत नव्हतीच. ती आपली रानातून चालली होती, जरा घाईने.

कर्नलसाहेबांना हे सांगितलं, आणि त्यांना पुन्हा धावू द्या म्हटलं. ते म्हणाले, “डॉक्टर, ये आपके गाँववाले हैं क्या?”

तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, “जिल्हा माझा आहे, सर. पाय त्यांचे आहेत, आणि ते तुम्ही अजून बघितलेच नाहीत.”

साहेब म्हणाले, संध्याकाळी पळवा एकदा, नाही जमलं तर मी हेही लिहीन. कुठे लिहिणार ते मला बरोबर कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

दुपारी लंगडणाऱ्याच्या पायातला काटा काढला. मोठ्याला विचारलं, “काऊन थांबत होता रे तू?”

“मांगचा सुटला तं त्याले कोन पाहीन, बाई?”

“इथी वाघ आहे का?”

“वाघ नाई. पन सोडून कसा जाऊ?”

“मंग आयक. आज सगळ्याइच्या मांगं मी राहतो. तू मांगं पाहू नको.”

त्याने माझ्या साडीकडे बघितलं. तेव्हा आमचा गणवेश म्हणजे हिरवट साडीच. “तुमाले धावता येते का?” त्याने विचारलं.

“पाहजो आता.”

संध्याकाळी मी पदर कमरेला बांधला, निऱ्या वर खोचल्या, कोणाचे तरी कॅनव्हासचे बूट कापूस कोंबून घातले. मैदानाभोवती ही गर्दी. शिटी वाजली. पहिल्या वळणावर मोठ्याची मान सवयीने मागे वळली, तशी मी ओरडले, “समोर पाह!” त्यानंतर तो जो सुटला, त्याच्यामागे बाकीचे पाचही सुटले. मी आणि लंगडणारा मागे राहिलो. तिसऱ्या फेरीत माझा अंबाडा सुटला, बरगडीत कळ आली. पण दूरवर ते सहा जण पळताना दिसत होते आणि मला इतका आनंद झाला होता की थांबणं सुचलंच नाही.

सहाही वेळेच्या आत पोचले. मोठ्याची वेळ तर तीन दिवसांतली सगळ्यांत चांगली होती. पण रेघ ओलांडून ते थांबले नाहीत. कोणी सांगितलं नसताना तसेच मागे फिरले, आमच्यापाशी आले आणि माझ्यामागे रांगेत लागले. या वेळी मोठा सर्वांत शेवटी होता. अशी आमची आठ जणांची रांग शेवटची फेरी पुरी करून आली. लंगडणाऱ्याची वेळ हुकली. तो पुढच्या भरतीत पास झाला.

कर्नलसाहेब खुर्चीतून उठून उभे होते. “छह पास,” ते सुभेदारांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टर, कल से दिल और फेफड़े भी आप देखिए.”

दोन महिन्यांनी अहवाल सहीसाठी माझ्यापुढे आला. ही बाई वरिष्ठांशी वाद घालते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. त्याखाली लिहिलं होतं की हिच्या पुढे चालणाऱ्याला मागे वळून बघावं लागत नाही, हिला कायम करावं. पुढे मी ब्रिगेडियर झाले, मोठमोठी इस्पितळं चालवली, माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं. पण सही करण्याआधी मी पुन्हा पुन्हा वाचला तो हा एकच कागद.