धोंडिबाच्या नावाचा रिकामा करा

सुरुवातीलाच माफी मागतो. इथे लिहिणारे बरेच जण मुरलेले आहेत आणि मी कॉलेजच्या पेपरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मीच पहिला. मांडणी विस्कळीत झाली तर सांभाळून घ्या. लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले... कारण ही गोष्ट माझ्यापेक्षा एका आजींची जास्त आहे.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, अंगारा-धुपारा नाही. वडील रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातात. "माणूस गेला की गेला, त्याचं काम मागं राहतं," हे त्यांचं वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

मी शिरूरला इतिहास घेऊन बी.ए. करतोय. प्रोजेक्टसाठी सरांनी विषय दिला — दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागातून आपणहून भरती झालेल्या माणसांची माहिती गोळा करायची. आमचं गाव न्हावऱ्याच्या अलीकडे. सुरुवात तिथूनच केली. पारावर बसणाऱ्या एका आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आपल्या गावचा धोंडिबा गेला व्हता की. खेचरांच्या पलटणीत. गेला तो गेलाच. पोरगी हाय त्याची भांडगावात. जिती असंल तर जा, इचार."

वडिलांची गाडी घेतली आणि चौफुल्यावरून भांडगाव गाठलं. आजी होत्या. ऐंशीच्या पुढे वय, पण नजर स्वच्छ. धोंडिबा भरती झाले तेव्हा आजी पाळण्यात होत्या. नंतर सासरी पटेना म्हणून त्यांची आई त्यांना घेऊन भांडगावला माहेरी आली ती कायमची. पुढे आजींचं लग्नही मामाच्याच घरात झालं. वडिलांचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. फोटोसुद्धा नाही.

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, सरांनी काढून दिलेले प्रश्न विचारले. आजींनी एकाचंही धड उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, "तू शिकलेला हायस. मला येवढंच सांग, माझा बाप गेला का हाय?"

मी गोंधळलो. धोंडिबा असते तर शंभरीच्या पुढे असते. मी म्हणालो, "आजी, आता इतक्या वर्षांनी..."

"ते मला बी कळतंय. पर कुणी सांगितलं न्हाई ना. आई मरंस्तवर कुंकू लावायची. आन् मी अजून त्याचा करा भरला न्हाई."

करा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या नातवाने, बाळूदादाने समजावलं. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीचा छोटा करा पाण्याने भरून ठेवतात, वर आंबा ठेवतात. तहानलेला जीव येऊन पाणी पिऊन जातो अशी समजूत. पण जिवंत माणसाचा करा भरायचा नसतो. म्हणून आजी दरवर्षी कुंभाराकडून एक करा जास्तीचा आणतात आणि तो रिकामाच ठेवतात.

"रिकामा ठेवायचा तर आणायचा कशाला?" मी विचारलं.

आजी म्हणाल्या, "आन् त्याच दिवशी बातमी आली तर? घरात करा नको का?"

सरांना सांगून चौकशी लावतो, एवढं म्हणून निघालो.

त्या दिवसापासून मला तहान लागायला लागली. उन्हाळा सुरू झाला होता, त्यामुळे आधी लक्ष दिलं नाही. पण कितीही प्यालो तरी घसा कोरडाच. लेक्चरला बाटली, झोपताना उशाशी तांब्या. आई म्हणाली, "पोटात हिर खांदली का काय तू?" शेवटी वडिलांनी दवाखान्यात नेऊन शुगर तपासली. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, उन्हात फिरणं कमी कर.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा भांडगावला गेलो. चौकशीसाठी सरांना आजींच्या सहीचा एक अर्ज हवा होता. त्या दिवशी आखिती आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. आमच्या घरी तो साधा सुट्टीचा दिवस.

पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. ओट्यावर कुणी नव्हतं, आतून नैवेद्याची गडबड ऐकू येत होती. मी हाक मारली, पण घशातून आवाज नीट फुटेना. ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीला, मातीचं एक छोटं भांडं होतं. वाटसरूंसाठी ठेवलं असेल असं वाटलं. उचललं आणि वरून प्यालो.

पाणी गार होतं. नव्या मातीची चव होती. मी घटाघट प्यालो, थोडं हनुवटीवरून शर्टावर सांडलं. आणि कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा... तहान भागली. अगदी आतपर्यंत.

तेवढ्यात बाळूदादाची बायको, वहिनी, बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "अवो भाऊ, काय करताय?"

"पाणी पितोय वहिनी. फार तहान लागली होती."

"कशातलं पाणी? त्यो करा हाय आजींचा. रिकामा असतोय त्यो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वेगळीच भीती वाटली. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या माणसांना दुसऱ्याच्या दारात ओंजळ धरून पाणी घ्यावं लागायचं. आणि मी इथे थेट त्यांच्या पूजेच्या भांड्याला हात लावला होता.

बाळूदादा आला. करा माझ्या हातातून घेऊन त्याने आत बोटं फिरवली. माझ्यापुढे धरली. बोटांना कोरडी लाल माती लागली होती.

"पावनं, ऊन लागलंय तुम्हाला," तो हसून म्हणाला. "घाम प्यायलात का काय?"

मी शर्ट दाखवला. छातीवर मोठा ओला डाग होता. दादा हसायचा थांबला. वहिनींना म्हणाला, "तू भरला व्हतास का?"

"मी कशाला भरू? आजी जित्ती ठिवतील का मला?"

आजी काठी टेकत आल्या. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी माझ्या शर्टावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. मग वहिनींकडे वळल्या. "भर त्यो करा."

"आजी, थांबा," मी म्हणालो. "माझी चूक झाली. मला ऊनही लागलं असेल. अजून कुठूनच उत्तर आलेलं नाही. माझ्यामुळे असं काही ठरवू नका."

"तुमच्यात करा भरत न्हाईत ना?"

"नाही."

"मंग तुला कसं कळणार? तू त्याच्या गावचा. त्यो तुझ्याच संगं आला, लेकरा."

वहिनींनी करा भरला. आजींनी स्वतः वर आंबा ठेवला. रडल्या नाहीत. मला जेवून जायला लावलं, आमरस दोनदा वाढला.

घरी येताना माझी तहान गेली होती, ती आजतागायत परत आलेली नाही. पण मला झोप लागेना. एका म्हाताऱ्या बाईने आयुष्यभर धरलेली गोष्ट माझ्या एका चुकीवर सोडली होती. उद्या खरी बातमी वेगळीच निघाली तर? कैदेत पडून, सुटून ते कुठेतरी संसार थाटून राहिले असतील तर? मी कुठल्या तोंडाने भांडगावला जाणार होतो?

स्पष्टीकरण शोधायचा मी प्रयत्न केला. उन्हाने भास झाला म्हणावं, तर शर्ट ओला कसा? करा कुणीतरी भरला होता म्हणावं, तर आतली माती कोरडी कशी? वडिलांना सांगितलं. ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. मला आजही काही कळलेलं नाही, आणि इथल्या कुणाला कळलं तर मी ऐकायला तयार आहे.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. धोंडिबांची पलटण शेवटी इटलीत होती, आणि सरांची एक जुनी विद्यार्थिनी तिथे शिकायला आहे. ती तिथल्या युद्धस्मारकात जाऊन आली होती. तिथल्या नोंदीत नाव, पलटण, गाव, सगळं जुळलं.

"तो बेपत्ता नव्हता रे," सर म्हणाले. "हिवाळ्यात आजारी पडून लष्करी दवाखान्यात वारला. ज्या भिंतीवर त्याचं नाव आहे, तिथे फक्त दहन झालेल्यांचीच नावं आहेत. ते काम पलटणीतली माणसंच करायची."

बातमी घरापर्यंत तेव्हा का आली नाही, ते सरांनाही सांगता आलं नाही. कदाचित आजींच्या आईच्या सासरी, आमच्या गावात, कळली असेल आणि त्यांना वाटलं असेल, माहेरी कुणीतरी सांगितलंच असेल.

मी लगेच बाळूदादाला फोन लावला. त्याने तो आजींच्या कानाशी धरला. मी सगळं सांगितलं.

"अग्नी दिला ना त्याला?"

"दिला, आजी."

"कुणी?"

"त्यांच्या पलटणीतल्या माणसांनी."

"मंग एकला न्हवता," आजी म्हणाल्या, आणि फोन दादाकडे दिला.