तिनं ढकललेली गाडी

त्या मासळीवालीला मी गाडीत घेतलं नाही, ही चूक माझीच. मिरकरवाड्याहून ती रोज पाटी डोक्यावर घेऊन चढ चढायची, एक हात कमरेवर ठेवून. एकदा तिनं हात दाखवला. "वास राहतो हो," म्हणत मी पुढे गेलो. चढ संपताच वडिलांची ती जुनी गाडी बंद पडली. मागून आलेल्या तिनं पाटी उतरवली आणि गाडी उताराला ढकलली. तेवढ्यात घारीनं तिच्या पाटीतलं पापलेट नेलं. ती हसली. "काचंला माज्या हातांचा वास लागला असंल. पुसून घ्या हां, भाऊ."

गाडी सुरू झाली आणि मी थांबलोच नाही.

हल्ली ती थकून मांडवीला लेकीकडे असते. परवा तिच्या ओट्यावर बसून म्हणालो, "मावशी, तेव्हा तुम्हाला गाडीत घ्यायला हवं होतं. माझं चुकलं."