गजाभाऊंचा कान

गजाभाऊ पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालत नसत. सेफ्टीवाला बोंबलून दमायचा, पण भाऊंचं उत्तर ठरलेलं: "डाय बोलते, राव. बोळे घातले तर ऐकायचं कोणी?" चाकणच्या आमच्या कंपनीत ते क्वालिटीला होते. प्रेसची डाय, म्हणजे साचा, पत्र्यावर धप्पकन पडली की त्या आवाजावरूनच ते पार्ट ओळखायचे आणि बाद पार्टला लाल टॅग लावायचे. एकदा लावलेला टॅग साहेब आला तरी काढत नसत.

संगीतातही तेच. शिफ्ट संपली की पिंपळे गुरवच्या घरी बसून ब्लॉगवर अल्बम सोलून काढायचे. एका बँडबद्दल लिहिलं होतं, "चौघं वाजवतात. थांबवायला पाचवा ठेवा." आम्ही पोट धरून हसलो होतो. दुसऱ्याची सालं निघताना मजाच येते.

मग आमची पाळी आली. आमच्याच लाइनवरच्या संतोषने 'पत्रा' नावाचा पोस्ट-पंक, म्हणजे खरखरीत रॉकचा, अल्बम केला. खर्जातला बेस माझा होता. असलं संगीत ऐकायला त्याला भाऊंनीच शिकवलेलं. अल्बमही त्यांच्यासाठीच केला म्हणा ना. खाली बेस आणि ड्रम, वर संतोषची गिटार, बारीक, उंच, दात शिवशिवतील अशी. मुंबई-बंगळुरूच्या समीक्षकांनी त्या गिटारचंच कौतुक केलं. संतोष म्हणाला, "ते राहू दे. भाऊ काय म्हणतात?"

भाऊंनी लिहिलं, "गिटारवाला आलाच नव्हता काय? वरचा सूर कुठंच न्हाई. असला माल दुरुस्त होत नसतो. लाल टॅग."

"अहो, बाकी सगळे गिटारबद्दलच बोलतायत!" मी चिडून म्हणालो.

"त्यांना कान हायेत का?"

विषय संपला. संतोषने गिटार विकून टाकली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. बावळट! जगाने वाहवा केली, तरी त्याला खरं वाटलं ते भाऊंचंच.

पुढच्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरने भाऊंचे कान तपासले. म्हणाला, उंच आवाज तुम्हाला बरीच वर्षं ऐकूच येत नसणार, आणि गेलेला कान परत येत नाही. भाऊ थेट कँटीनमध्ये आले आणि संतोषसमोर बसले. त्यांना इतकं मऊ झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"संत्या, गिटार होती ना रे?"

संतोषने घास संपवला. "भाऊ, एकदा लावलेला टॅग काढायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत." ताट उचलून तो निघून गेला. मला त्याचा राग आला आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

भाऊ रिटायर झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो, तर जिन्यातच 'पत्रा' ऐकू आला. भाऊ स्पीकरच्या जाळीला कान टेकवून बसलेले.

"येतंय का ऐकू?" मी ओरडून विचारलं.

"तुझा बेस येतोय. ड्रम येतोय." त्यांनी मान हलवली. "संत्या काय येईना."

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "अहो भाऊ, बाकीचं चालू द्या, पण ती गिटार तेवढी बारीक करा! डोकं उठलं आमचं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात रे त्या?"

"आवाज कमी करा म्हणतात," मी सांगितलं.