देवमासे परत आणले तेव्हा

रोदिओनदादा माझा चुलतभाऊ. आमूर नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या आमच्या गावात जाळं टाकणारे पुष्कळ, पण पांढरे देवमासे भरतीबरोबर कुठल्या उथळ पाण्यात शिरतात हे त्याला नेमकं ठाऊक. सॅल्मन माशांच्या मागे लागून ते थेट वाळूच्या दांड्यापर्यंत येतात. म्हणून तर चार वर्षांपूर्वी दक्षिणेकडची एक कंपनी त्याच्याकडे आली. शहरांतल्या मत्स्यालयांना जिवंत देवमासे हवे होते. दादाने जागा दाखवल्या, जाळी लावून दिली. त्या पैशातून होडीला नवं इंजिन आलं. गावात कुणी नावं ठेवली नाहीत, कारण निम्मं गाव त्याच कामावर होतं.

मग सरकारने ते सगळंच बंद केलं. पकडलेले देवमासे दक्षिणेच्या एका खाडीत पिंजऱ्यात पडून होते. ते जिथले तिथे नेऊन सोडा, असा हुकूम निघाला. आणि सरकारी माणसं पुन्हा दादाच्याच दारात.

"तुम्हीच पकडले होते ना?" त्यांच्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई इंगा पेत्रोव्ना यांनी विचारलं.

दादाने चहाचा पेला खाली ठेवला. "मी जागा दाखवली होती," तो म्हणाला. "आता काय, पकडायला आलात?"

"नाही हो. मदत मागायला आलोय. सोडायचे कुठे, तेही तुम्हालाच माहीत असणार."

ते गेल्यावर त्याने लारिसावहिनीला विचारलं, "मला रागावले की नाही?"

"नाही."

"मग मला मान दिला?"

"ते मला काय ठाऊक? चहा गार झाला तुझा."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन झिना आत्याकडे गेला. आत्याला जुन्या रीती येतात. समुद्रातून काही घ्यायचं तर आम्ही इथले मूळचे निव्ख लोक आधी समुद्राच्या धन्याला खाऊ घालतो. चिमूटभर तंबाखू, मूठभर तांदूळ, वाळवलेल्या माशाचा तुकडा. दादाने विचारलं, "आत्या, परत देताना काय द्यायचं?"

आत्या दात नसलेल्या तोंडाने बराच वेळ मोस चघळत राहिली. माशाची कातडी शिजवून थिजवलेला तो थरथरता पदार्थ ती एकटीच अजून घरी करते. "घेतलेलं कुणी परत दिलंय का कधी?" ती म्हणाली. "माझ्या आज्याने नाही दिलं. मला नाही ठाऊक, बाबा."

"मग काहीच नको द्यायला?"

"असं कुठे म्हटलं मी? दे. पण काय म्हणून देशील ते तूच ठरव."

"माफी म्हणून?"

"कुणाची? समुद्राची की त्यांची?"

दादाने उठून टोपी घातली.

सोडायच्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट होता. देवमासे आधी ट्रकवरच्या पाण्याच्या टाक्यांतून नदीपर्यंत आणि मग बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून, आखातात आले होते. सहा होते. अंगाला मलम फासलेलं, वर ओल्या चादरी. प्रत्येकाला कापडाच्या झोळीत घालून यारीने उचलायचं. झोळीला बाजूच्या परांसाठी भोकं होती. एक मादी होती, तिच्या पाठीवर जुन्या दोराचा वळ होता. दादाने तो वळ पाहिला आणि हात खिशात घातले.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "खायला द्यायचं नाही. शीळ घालायची नाही, बोलायचं नाही. माणसाकडे यायची त्यांची सवय मोडली पाहिजे."

एकेक झोळी खाली गेली. पांढरी पाठ पाण्यात शिरली की टाळ्या वाजायच्या. सहावी झोळी रिकामी वर आली, कुणीतरी आनंदाने ओरडलं, आणि तेवढ्यात सहाच्या सहा देवमासे वळून बार्जच्या बाजूला आले. डोकी वर काढून, तोंडं उघडून रांगेत उभे राहिले.

"जेवणावळीला बसल्यासारखे बसलेत," मी म्हणालो.

"बोलू नका म्हटलं ना!" बाई कुजबुजल्या. "सगळ्यांनी पाठ करा. आपण इथे नाहीच आहोत असं समजा."

मग आम्ही सगळी मोठी माणसं समुद्राकडे पाठ करून, बार्जच्या गंजक्या भिंतीकडे बघत उभी राहिलो. मागून फुस्स फुस्स श्वास ऐकू येत होते. दादाने मात्र कोटातून पुडी काढली.

"ते काय आहे?" बाईंनी त्याचा हात धरला.

"तांदूळ, तंबाखू, वाळवलेला मासा."

"मासा? आत्ताच काय सांगितलं मी?"

"त्यांना नाही देत बाई. समुद्राला देतोय."

"समुद्राच्या आधी त्यांचंच तोंड आहे तिथे!"

दादा गोंधळला. "पण समुद्राला न देता कसं सोडायचं?"

"आणि समुद्राला दिलेलं त्यांनी खाल्लं तर माझं सगळं काम पाण्यात."

दोघांचंही खरं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "तंबाखू टाका. तंबाखू ते खाणार नाहीत." दादाने दुसऱ्या कडेला जाऊन तंबाखू सोडली. ओठ हलले, पण काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. परत येऊन मला हळूच म्हणाला, "नुसती तंबाखू चालते का रे? की जेवायला बोलावून नुसता विडा दिल्यासारखं झालं?"

"चालत असेल," मी म्हणालो.

पाच देवमासे दोन दिवसांत उत्तरेला गेले. त्यांच्या पाठीवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवलेलं होतं, त्यावरून कळलं. वळवाली मादी मात्र गेली नाही. तिचं यंत्र पहिल्याच आठवड्यात गळून पडलं. दादाच्या इंजिनाचा आवाज आला की ती यायची. जाळ्यात सॅल्मन तडफडत असत आणि ही त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता दादापुढे तोंड उघडून उभी. पिंजऱ्यात तिने हाताने भरवलेले मेलेले मासेच खाल्ले होते.

"जावई आलाय," बायका किनाऱ्यावरून ओरडायच्या. "वाढ की रे!"

वहिनी तर म्हणाली, "घरीच आण. ओसरीवर जागा आहे."

दादा फोन करायचा. पलीकडून बाईंचं उत्तर ठरलेलं, "दुर्लक्ष करा."

"किती दिवस?"

"तिला कळेपर्यंत."

"आणि तोवर उपाशी मेली तर?"

बाई म्हणाल्या, "रोदिओन, मलाही नक्की माहीत नाही."

फोन ठेवल्यावर दादा चिडला. "शिकलेल्या बाईने असं बोलायचं असतं का?" संध्याकाळी मात्र म्हणाला, "खरं बोलली बिचारी."

त्याने तिला काही दिलं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. पण जाळ्यातले एकदोन मासे दरवेळी निसटायला लागले. जाळं विणणारा हात त्याचाच, आणि त्याच्या जाळ्याला असं भोक मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा मादी निसटत्या माशापासून दचकून मागे सरली. पुढे पुढे त्याच्यामागे लागायला लागली. एकदा तिच्या तोंडात शेपटी वळवळताना दिसली तेव्हा दादा उभाच राहिला, होडी उलटायची वेळ आली.

"खाल्ला! जिवंत खाल्ला!" तो म्हणाला. मग खाली बसून, "म्हणजे हेही मीच दिलं असं झालं का?"

ऑगस्टमध्ये रानटी कळप भरतीबरोबर आत आला. मादी त्यांच्या कडेकडेने फिरायची आणि पुन्हा होडीकडे. त्यांच्यात दोन दिवस, आपल्यात एक. मग एका सकाळी कळपही नव्हता आणि तीही नव्हती.

"दिसत नाही," दादाने फोनवर सांगितलं.

"मग गेली!" बाईंचा आवाज उजळला. "अभिनंदन, रोदिओन!"

"गेली की मेली?"

"गेली असेल."

दादाने 'बरं' म्हणून फोन ठेवला, पण त्या आठवड्यात ओहोटीला तो मला घेऊन किनाऱ्याने चालत निघाला. मेलेला देवमासा वाहून आला तर कुठे लागतो, तेही त्याला माहीत होतं. खडकांच्या टोकापर्यंत आम्ही गेलो. एक मेलेला सील मिळाला. लांबून काहीतरी पांढरं दिसलं तेव्हा दादा थांबला आणि म्हणाला, "तू जा बघायला." मी गेलो. प्लास्टिकचा फुटका पिंप होता.

तो दगडावर बसला, सिगारेट पेटवली.

"काही नाही सापडलं म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच, दादा."

"मग मला चांगलं का वाटत नाही?"

मी म्हटलं, भूक लागली असेल. तो म्हणाला, असेल. टोकाच्या मागच्या उतारावर लालभडक रानबोरं पिकली होती. टोपी भरेपर्यंत आम्ही ती तोडली, आणि भरती चढायच्या आत घराकडे निघालो.