माउस उलटा ठेवणाऱ्या ताई

आमच्या सेक्शनमध्ये कुणी मेनू उघडून टकाटक क्लिक करताना दिसलं, की ताई मागून यायच्या, त्याच्या हातातला माउस काढून घ्यायच्या आणि टेबलावर उलटा करून ठेवायच्या. "बटणं नको दाबूस. फाइल चालव."

दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत आम्ही आकडेवारीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये पाहणीचे तक्ते करायचो. कोणती माहिती उघडायची, वयोगट कसे पाडायचे, तक्ता कसा मांडायचा, या सगळ्या आज्ञा ताईंनी ओळीनं एका फाइलीत लिहून ठेवल्या होत्या. नवं वर्ष आलं की तीच फाइल काढायची, वर माहितीचं नाव बदलायचं आणि चालवायची. आठवड्याचं काम चहा संपायच्या आत उरकायचं.

"मॅडमजी, दो मिनट का काम है, क्लिक कर लेने दीजिए ना," कुणीतरी गयावया करायचं.

"बिल्कुल नहीं. अगले साल याद रहेगा क्या दबाया था?"

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेलच. पण आमच्या ताईंचं हे वेड घरापर्यंत पोचलं होतं. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीत मोदकांची स्पर्धा व्हायची आणि परीक्षकांचे गुण ताई याच सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या. एका वर्षी त्यांनी माइकवरून थाटात पहिल्या नंबरचं नाव पुकारलं. मागून आवाज आला, "अहो, त्या काकू तर पुण्याला राहायला गेल्या! यंदा मोदक कधी केले त्यांनी?"

फाइलीत वरचं माहितीचं नाव बदलायचं राहिलं होतं. फाइलीनं इमानेइतबारे गेल्या वर्षीची माहिती उघडली होती. सगळ्यांत मोठ्यानं ताईच हसल्या. खऱ्या विजेत्या शेखवहिनींना मग बक्षीसही मिळालं आणि ताईंचा वाकून मुजराही.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत मात्र त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून हे झालं. मी रिटायर झाल्यावर तुमचं काय होणार रे? फाइल माझ्यावाचून चालली पाहिजे."

उरलेले महिने त्यांनी त्यातच घातले. प्रत्येक आज्ञेच्या वर साध्या भाषेत एक ओळ लिहिली: हे का केलं, इथे काय बदलायचं. सगळ्यात वर होतं, "आधी माहितीचं नाव बदल, बाळा." मग रिटायर होऊन त्या नागपूरला गेल्या.

पुढच्या वर्षी तक्ते मी एकट्यानं काढले. फाइल सुरळीत चालली. मी लगेच फोन लावला.

"ताई, चालली! एकदाही अडली नाही."

"वा, शाब्बास!" मग जरा थांबून, "कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"वयोगटांपाशीही नाही?"

आवाज एवढासा झाला होता. मला भरून आलं. याच दिवसासाठी ताई महिनोन् महिने राबल्या होत्या, आणि तो आल्यावर त्यांनाच करमेना.

"हां, म्हणजे तिथे जरा अडली होती," मी ठोकून दिलं.

"तरी म्हटलं!" पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "उघड फाइल. मी सांगते."

समोर स्क्रीनवर तक्ते तयार होते. मी ते बंद केले, फाइल पुन्हा उघडली आणि म्हणालो, "हं, सांगा ताई."