चांगला केलेला गिलावा

मिस्त्रीचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. बायको होती तोवर ती त्याच्याही आधी उठायची. ती जाऊन तीन महिने झाले, पण वेळ बदलली नाही. उठायचं, डबा भरायचा, छिन्नी-हातोडा पिशवीत टाकायचा. बोटावर घाव बसला की बोट आधी बधिर होतं, ठणका मागून येतो, हे त्याला कामावर कळलं होतं. तो ठणक्याची वाट बघत होता. ठणका येत नव्हता.

गावाच्या मधोमध सभागृह होतं. शंभरी ओलांडलेलं, विटांचं, चुन्यात बांधलेलं. लग्नं, सभा, शोकसभा, नाटकाच्या तालमी, सगळं तिथंच. त्याची मागची भिंत ओलीने फुगली होती. नगरपालिकेने पाठवलेल्या इंजिनियर मुलीने भिंतीवर टकटक केलं. भिंत पोकळ वाजली.

"हा सिमेंटचा गिलावा कुणी केला?"

"मी," मिस्त्री म्हणाला. "तीस वर्षं झाली."

"फार चांगला केलाय, काका."

"तेच तर. वाईट केला असता तर केव्हाच पडला असता, आणि भिंत वाचली असती."

चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्यावर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतल्या आत विटा खाते. आता हे सगळेच सांगतात. त्या वेळी एकटी बायको सांगत होती. तिच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती. माल कालवता कालवता ती म्हणाली होती, "अहो, या भिंतीला घाम येतो. तो जाणार कुठून?"

"तू पाटी उचल," तो म्हणाला होता.

तिने उचलली. भिंत त्याने अशी घोटली होती की लोक हात फिरवून बघायला यायचे.

"उन्हाळा संपेपर्यंत वाळली तर ठेवू," इंजिनियर म्हणाली. "नाही तर पाडायची. छप्पर हिच्यावरच आहे, म्हणजे सभागृहच गेलं. मशीन लावून खरवडायचं का?"

"मशीनने विटा जातील. मी हाताने काढतो."

दिवसाला दोन हात लांब, दोन हात रुंद. त्याहून जास्त नाही. छिन्नी तिरपी धरायची, घाव हलका, कारण मागची वीट भिजल्या साबणासारखी झालेली. घाई केली की सिमेंटबरोबर विटेचं तोंडही उपटून यायचं. पहिल्या दिवशी अशा तीन विटा गेल्या. नंतर एकही गेली नाही.

सभागृहाचा रखवालदार त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो परांचीखाली खुर्ची टाकून बसायचा.

"काय मिस्त्री, नातवंडांनाही हा गिलावा निघणार नाही म्हणत होतास ना?"

"मग? निघतोय कुठे? तीन दिवस झाले, एक कोपरा झालाय."

"तुझं काम तुलाच भारी पडलं म्हण की."

"तू खुर्ची मागे घे. डोक्यावर पडलं तर तेही मलाच भारी पडेल."

बाराव्या दिवशी त्याने उघड्या विटांवर तळवा टेकवला. गार, चिकट. हा गारवा हाताच्या ओळखीचा होता. कुठला ते त्याला लगेच आठवलं नाही.

घरी आल्यावर आठवलं. त्याच वर्षी, तसंच सिमेंट वापरून, त्याने स्वतःच्या घराचीही जुनी भिंत घोटली होती. बायकोची खाट त्याच भिंतीला लागून. "भिंत अंगाला गार लागते हो," ती म्हणायची, आणि मधे गोधडी कोंबायची. तो म्हणायचा, "पक्की भिंत गारच लागणार." शेवटची काही वर्षं तिचा खोकला हटला नाही. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, भिंतीचं काही म्हटलं नाही.

गोधडी अजून तिथंच होती. त्याने ओढून काढली. मागची बाजू काळी पडली होती. त्याने ती अंगणात वाळत घातली, जेवला आणि झोपला.

रविवारी लेक आली. "बाबा, तुम्ही एकदा तरी रडलात का?"

"सवड कुठे आहे. भिंत वाळायला हवी."

भिंत वाळली. घाई तिने केली नाही, त्यानेही केली नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात इंजिनियरने ओल मोजायचं यंत्र टेकवलं, आकडा बघितला, दुसऱ्या जागी टेकवलं, पुन्हा बघितला.

"राहील," ती म्हणाली.

रखवालदाराने टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने मुरवलेल्या चुन्याचा पहिला हात त्याच दिवशी चढवला, मग एकेक हात सुकू देत दुसरा आणि तिसरा. शेवटी हत्यारं धुतली, पुसली. आनंद झाला का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पाठ दुखत होती, एवढं खरं.

मजुरी मिळाल्यावर लेक आली, तेव्हा अंगणात पिंप होतं, त्यात चुना भिजत होता. शेजारी चाळलेल्या वाळूचा ढीग. आत सामान हलवलेलं, आणि खाटेमागच्या भिंतीचा एक कोपरा छिन्नीने उघडा केलेला.

"बाबा, मजुरी यात घातलीत? आता तिथं झोपतं कोण?"

मिस्त्री वाकला. खाटेचे दोन पाय त्याने धरले.

"तिकडून उचल," तो म्हणाला.